वापरलेली खोली : नगरच्या किल्ल्यातील दोन पुस्तके आणि आजची गृहसजावट

जुने फर्निचर आणि घरातली झाडे या विषयावर गेल्या काही वर्षांत मराठी पुरवण्यांतून बरेच लिहून येते. या लेखनाचा साचा आता ठरून गेला आहे. वाड्याच्या दाराचा फ्लॅटमध्ये टीपॉय होतो, घंगाळात मनी प्लांट लावला जातो, जात्याची तळी बाल्कनीत येते आणि शेवटी घराला ‘व्यक्तिमत्त्व’ लाभल्याचे सांगितले जाते. दार कोणत्या गावचे, ते विकण्याची वेळ का आली, हे कोणी विचारत नाही. झाडाची शिफारसही बहुधा ‘फार लक्ष द्यावे लागत नाही’ या एकाच गुणावर होते. म्हणजे वस्तू जुनी हवी, पण तिच्या आधीच्या माणसांची आठवण नको, असा हा व्यवहार आहे.

दुसऱ्याने वापरलेल्या जागेत माणूस घर कसे करतो, या प्रश्नाचे अधिक गंभीर उत्तर आमच्या नगरमध्येच लिहिले गेले आहे. मात्र ती पुस्तके कोणी गृहसजावटीच्या अंगाने वाचत नाही.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणले गेले. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव त्यांत होते. त्यांना मिळालेल्या खोल्याच काय, तो सगळा किल्लाच वापरलेला होता. निजामशाहीने बांधलेला, मोगलांनी घेतलेला, पुढे शिंद्यांकडे असलेला हा किल्ला १८०३ मध्ये वेलस्लीने जिंकला. बोअर युद्धातील कैदीही तिथे राहून गेले होते. यातल्या कोणाचेच ते घर उरले नव्हते.

‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक नेहरूंनी इथेच एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिले. पहिल्याच प्रकरणात ते बागकामाविषयी सांगतात. फुलांसाठी वाफे करायला जमीन खणली, तर माती निकस निघाली. त्यात दगड आणि जुन्या बांधकामाचे अवशेष भरलेले. वाचक हा भाग बहुधा कैद्याचा विरंगुळा समजून ओलांडतो. माझ्या मते पुस्तकाची पद्धत इथेच ठरते. फूल लावायचे तर आधी कोणाचे तरी पडलेले घर बाजूला सारावे लागते, आणि ते सारताना त्याकडे पाहावेही लागते. चांदबिबीची आठवण नेहरूंना त्याच पानांत होते आणि कुदळीवरून लेखणीकडे ते तिथेच वळतात. देशाच्या भूतकाळाकडे जाणारी वाट एका निकस वाफ्यातून निघाली आहे.

आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली पत्रे हबीबुर्रहमान खाँ शेरवानी या मित्राला उद्देशून आहेत, पण तुरुंगातून ती पाठवता आली नाहीत. किल्ल्यात पाऊल टाकताच आझाद त्याचा इतिहास सांगू लागतात. चांदबिबीच्या काळात किल्ल्यावर असलेल्या हबशी अधिकाऱ्याचे नाव ते नव्या इंग्रज अधिकाऱ्याला देऊन टाकतात आणि कैदेतले सगळे त्याला ‘चीता खाँ’ म्हणू लागतात. वापरलेले नावसुद्धा असे पुन्हा कामाला लागते.

खोलीविषयीची त्यांची प्रसिद्ध पत्रे मार्च १९४३ ची आहेत. छताच्या जुन्या लाकडांत चिमण्यांनी घरटी केली होती. आझादांनी आधी छत्री उगारली, मग बांबू घेतला. शेवटी त्यांनी हार मानली, तांदळाचे दाणे ठेवले आणि चिमण्यांना नावे दिली : मोती, कलंदर, मुल्ला. हा विनोद आहेच. पण खोलीवर आपल्या आधी दुसऱ्यांचा हक्क होता, हे मान्य केल्यावरच ती खोली त्यांना राहण्याजोगी झाली, हेही त्यात आहे.

त्यानंतर महिनाभरात, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजार वाढला तेव्हाही आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. मृत्यूनंतरच्या पत्रात ते आवारातल्या एका जुन्या, मोडक्या कबरीकडे बोट दाखवतात. तिच्यावर कडुलिंबाच्या फांद्या सावली धरू पाहतात. ती कबर कोणाची, हे त्यांना ठाऊक नाही. तरी स्वतःचे दुःख ठेवायला त्यांना त्या आवारात तेवढीच जागा सापडते. परक्या जागेत राहिल्याचा याहून खरा पुरावा मला कुठल्या सजावटीत दिसलेला नाही.

कोणी म्हणेल, कैदी आणि फ्लॅटधारक यांची तुलना अन्यायाची आहे. कैद्याला निवड नसते. हे खरे आहे. या पुस्तकांतही एक उणीव आहे : तिथे राबणारे साधे कैदी पानांच्या कडेलाच राहतात. पण निवड असणाऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. आज वाडे पाडले जात आहेत. त्यांचे खांब, तुळया, फडताळे विकली जातात आणि भांडी मोडीत निघतात. गिऱ्हाईक मिळाले नाही तर सागवानाचे सरपण होईल. म्हणून जुनी वस्तू घरात आणण्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. आक्षेप आहे तो तिला मुकी करून आणण्याला.

फडताळ घेतले तर ते कोणत्या गावच्या, कोणत्या घरातून आले, एवढे विकणाऱ्याला विचारावे आणि फळीच्या मागे खडूने नव्हे, पक्क्या शाईने लिहून ठेवावे. झाड आणायचे तर थोडी काळजी मागणारे आणावे. निदान रोजचे पाणी मागणारी तुळस तरी. असे तपशील टिपले गेले, तर पाडलेल्या वाड्यांची थोडीफार नोंद लोकांच्या घरांतच शिल्लक राहील. आणि गृहसजावटीवर लिहिणाऱ्यांनी छायाचित्राखाली रंगाच्या नावासोबत त्या गावाचेही नाव द्यायला काय हरकत आहे?