मर्यादित शेल आणि दूरस्थ स्वयंचलन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नाशिक रोडच्या रहिवाशांना मर्यादित प्रवेशाची कल्पना नवी नाही. 1928 पासून येथे करन्सी नोट प्रेस आहे. तिच्या भिंतीलगत आयुष्य काढलेल्यालाही आत जाण्याचा अधिकार कामाशिवाय मिळत नाही. सर्व्हरवरील मर्यादित शेल याच तत्त्वावर उभे आहे. मात्र एकाच संगणकावरून अनेक सर्व्हरना आज्ञा देणारी स्वयंचलन साधने या तत्त्वाशी कितपत सुसंगत आहेत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
बॅश या शेलचे मर्यादित रूप म्हणजे आर-बॅश. त्यात निर्देशिका बदलता येत नाही, आज्ञांचा शोधमार्ग बदलता येत नाही, आज्ञेच्या नावात तिरकी रेघ चालत नाही आणि आज्ञेचे फलित फाइलकडे वळवता येत नाही. याउलट 2012 मध्ये आलेले अन्सिबल हे साधन एसएसएचद्वारे सर्व्हरवर पोहोचते, तेथे तात्पुरती निर्देशिका निर्माण करते, आपली संहिता तीत ठेवते आणि पायथॉनकरवी चालविते. त्यासाठी ते सामान्य शेलला पूर्ण मार्गासह, म्हणजे तिरक्या रेघेसह, हाक मारते. साहजिकच आर-बॅश पहिल्याच पायरीवर नकार देते. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे. शेल आपले नेमून दिलेले काम करीत असते.

यावर दोन उपाय सर्रास योजले जातात. पहिला, अन्सिबलच्या ‘रॉ’ विभागातून आज्ञा जशीच्या तशी पाठविणे. याने काम होते. परंतु सर्व्हरची स्थिती तपासून आवश्यक तेवढाच बदल करणे, हा स्वयंचलनाचा मुख्य गुण त्यात उरत नाही. दुसरा, स्वयंचलनाच्या खात्यास पूर्ण शेल बहाल करणे. हा उपाय अधिक सोयीचा व म्हणूनच अधिक घातक होय. त्या खात्याची खासगी किल्ली एकदा परक्या हाती गेली की सर्वच सर्व्हर उघडे पडतात.

तथापि मर्यादित शेललाही अभेद्य मानणे योग्य नाही. परवानगी दिलेल्या आज्ञांत व्हीआयसारखा संपादक असल्यास त्यातूनच पूर्ण शेल उघडता येते. म्हणून कोणत्या आज्ञा द्यावयाच्या, हा प्रश्न शेलच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अधिक समर्थनीय मार्ग ओपन-एसएसएचमध्येच उपलब्ध आहे. अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीत प्रत्येक किल्लीस एकच आज्ञा बांधून देता येते. मग पलीकडून काहीही मागितले तरी तीच आज्ञा चालते. आर-सिंकसोबत मिळणारी आर-आर-सिंक ही संहिता याच पद्धतीने किल्लीधारकास एका निर्देशिकेपुरते बांधून ठेवते. रोजच्या प्रतिलिपीसाठी एवढे पुरेसे आहे.

समारोप :
महाविद्यालयाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांचे गुण, प्रवेश व शुल्क यांच्या नोंदी असतात. तेथे साधनाच्या सोयीसाठी अधिकार वाढविण्याऐवजी कामाच्या गरजेनुसार साधनाची निवड व्हावयास हवी. सोय म्हणून दिलेला अधिकार पुढे क्वचितच परत घेतला जातो, हे सर्व्हरची जबाबदारी सांभाळणाऱ्या अध्यापकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.