जबलपूरचे उच्च न्यायालय : वास्तू आणि निवाडा

विद्यार्थी मित्रांनो, जबलपूरला गेलात तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची इमारत बाहेरून तरी पाहाच. कमानी, बुरूज, युरोपीय बरोक आणि पौर्वात्य शैलींची सरमिसळ. आराखडा हेन्री अर्विन यांचा. म्हैसूरचा राजवाडाही त्यांचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली राजा गोकुळदास या स्थानिक सावकार-व्यापाऱ्यांनी. वास्तूविषयीची बहुतेक वर्णने इथेच थांबतात, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

ही वास्तू वसाहतकाळातली असली तरी तिथले उच्च न्यायालय वसाहतकाळातले नाही. ते आले 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्य पुनर्रचनेनंतर. तोवर उच्च न्यायालय होते नागपुरात, 1936 पासून. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मुख्य पीठ जबलपूरला आले. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच इथले पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. शिवाय अनुच्छेद 226 चा प्राधिलेख काढण्याचा अधिकार संविधानाने दिलेला आहे. कमानी जुन्या, अधिकार नवा. शैलीचे वर्णन करताना हा फरक पुसला जातो.

तो किती महत्त्वाचा आहे हे आणीबाणीत दिसले. 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 14, 21 व 22 साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. 'मिसा'खाली स्थानबद्ध केलेल्या शिवकांत शुक्ल यांनी देहोपस्थितीचा अर्ज केला. सरकारचे म्हणणे असे की असा अर्ज ऐकताच येणार नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते मानले नाही. देशातली एकूण नऊ उच्च न्यायालये याच बाजूने उभी राहिली.

पुढचे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी उच्च न्यायालयांचे निर्णय फिरवले. विरोधी मत एकट्या न्या. हंसराज खन्ना यांचे.

आता खटल्याचे नाव पाहा : 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. अपील सरकारी बाजूचे, म्हणून तिचे नाव आधी. परिणाम असा की 'एडीएम जबलपूर' म्हटले की विद्यार्थ्याला न्यायसंस्थेची शरणागती आठवते. जबलपूरच्या न्यायालयाने तर उलट निर्णय दिला होता! शहराच्या वाट्याला ही बदनामी केवळ शीर्षकाच्या रचनेमुळे आली. (उत्तरपत्रिकेत ही गफलत मी वारंवार पाहतो.)

बहुमतातल्या चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निर्णय गंभीररीत्या सदोष ठरवून रद्दबातल असल्याचे लिहिले. खटल्याच्या नावात मात्र अजून दंडाधिकारीच पहिले आहेत.