मेजावरच्या घड्याळाचे गुणदोष

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील (1837 ते 1901) मेजावरची इंग्रजी घड्याळे आपल्याकडे जुन्या घरांत आणि संग्रहालयांत अजून पाहायला मिळतात. त्यांचे कौतुक पेटीपासून सुरू होते आणि बहुधा पेटीपाशीच संपते. महोगनीचे लाकूड, पितळी मुठी, चर्चच्या खिडकीसारखी टोकदार कमान! आमच्या मते पेटी हा घड्याळाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. कारागिरी पाहायची तर मागचे दार उघडायला हवे. संग्रहालयात मात्र घड्याळ भिंतीकडे पाठ करून, बंद अवस्थेत ठेवलेले असते आणि चिठ्ठीवर लाकडाचे नाव असते.

मुंबईच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या पेढीचे. मनोरा 1878 साली पूर्ण झाला. मनोऱ्यात जागा भरपूर, म्हणून तेथे खाली उतरणारी वजने घड्याळ चालवतात. वजनाची ओढ पहिल्या तासाला जेवढी, तेवढीच शेवटच्या तासाला. मेजावर वजने टांगायला जागा नाही. तेथे स्प्रिंग लागते. स्प्रिंग किल्ली दिल्याबरोबर जोराने ओढते आणि उलगडत जाईल तसा तिचा जोर ओसरतो.

यावरचा उपाय म्हणजे खाचा पाडलेला एक पितळी शंकू, ज्याला फ्यूजी म्हणतात. स्प्रिंगच्या डबीपासून निघालेली पोलादी साखळी या शंकूवर गुंडाळलेली असते. स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या भागाला ओढते, आणि जोर कमी होतो तसतशी रुंद भागाकडे सरकते. घट्ट नट आखूड पान्याने हलत नाही आणि लांब पान्याने हलतो, तेच तत्त्व. बळ घटले की अंतर वाढते आणि गुणाकार जवळपास सारखा राहतो. युक्ती पंधराव्या शतकातली आहे. फ्रेंच कारागिरांनी ती बव्हंशी सोडून दिली. लांब स्प्रिंगचे मधले वेढेच वापरले तर स्वस्तात काम भागते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. इंग्रजांनी मात्र ती शेवटपर्यंत धरून ठेवली. हा हट्ट असेल, पण एवढे स्वच्छ उत्तर पेटीत दडवून ठेवावे याचे आम्हाला नवल वाटते.

साखळीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. अशा साखळ्या दक्षिण इंग्लंडमधील ख्राइस्टचर्च गावी स्त्रिया आणि लहान मुली बनवीत. खिशातल्या घड्याळांच्या साखळ्या तर इतक्या बारीक, की त्या जोडता जोडता डोळे बिघडत. तबकडीवर नाव मात्र पेढीचे. इंग्रजी कारागिरीची वाखाणणी करताना हे हातही मोजायला हवेत.

आता लंबक. समजा, लंडनला अगदी बरोबर लावलेले घड्याळ अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आणले. ते रोज सुमारे दोन मिनिटे मागे पडेल! लंडनला गुरुत्वत्वरण सुमारे 9.812 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. नगर विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच, म्हणून तेथे ते साधारण 9.785 भरते. फरक 0.28 टक्के. आवर्तकाल वर्गमुळाने बदलतो, म्हणून कालातला फरक याच्या निम्मा, 0.14 टक्के. दिवसाचे 86,400 सेकंद धरा आणि गुणाकार करा. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे याला 1672 साली विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे हाच अनुभव आला होता. घड्याळात याची सोय असते. लंबकाच्या गोळ्याखालचा नट फिरवून 25 सेंटिमीटरचा लंबक जेमतेम 0.7 मिलिमीटर आखूड केला की झाले. काही घड्याळांत तर यासाठी तबकडीवरच वेगळा छोटा काटा असतो. हा आमच्या लेखी फार मोठा गुण.

उष्णतेच्या बाबतीत मात्र आम्ही इतके गुण देणार नाही. पोलादी दांडी एक अंश सेल्सियसने तापली की घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. हिवाळा आणि उन्हाळा यांत खोलीचे तापमान 10 अंशांनी बदलले तर दिवसाला 5 सेकंद, महिन्याला अडीच मिनिटे. लंबकात पारा भरून किंवा दोन धातूंच्या दांड्या जोडून यावर मात करण्याचे उपाय अठराव्या शतकातच सापडले होते, तरी मेजावरच्या बहुतेक घड्याळांत साधी दांडीच दिसते. तो खर्च पेटीच्या कोरीवकामावर झाला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो.

वर्गात 25 सेंटिमीटर दोऱ्याला दगड बांधून 100 आंदोलने मोजायला सांगावीत. साधारण 100 सेकंद लागतील. लंडन आणि नगर यांतला फरक त्यात 0.14 सेकंदाचा, म्हणजे हाताने घड्याळ दाबून पकडता न येणारा. तासभर मोजले तर तो 5 सेकंदांचा होतो, पण तोवर दगड हवेच्या अडथळ्याने थांबलेला असतो.