अलेक्झांडर स्टीफन्स यांचा ग्रंथ आणि अमेरिकन यादवी युद्धाची कारणमीमांसा

१८६१ ते १८६५ या काळात झालेल्या अमेरिकन यादवी युद्धाची कारणे सांगताना घटक राज्यांचे अधिकार, आयातकर, उत्तरेतील उद्योग व दक्षिणेतील शेती यांचा विरोध आणि गुलामगिरी अशी यादी देऊन प्रत्येकास थोडेथोडे वजन देण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ रूढ होती. ही पद्धत वरकरणी निःपक्षपाती वाटते. परंतु या यादीतील कोणते कारण कोणी व केव्हा पुढे केले, हे तपासू लागताच तो निःपक्षपातीपणा डळमळू लागतो. या तपासासाठी दक्षिणी संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांच्याइतका उपयुक्त साक्षीदार दुसरा क्वचितच सापडेल. कारण त्यांनी एकाच घटनेविषयी दोन साक्षी दिल्या, आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत.

पहिली साक्ष २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे दिलेल्या व्याख्यानातील होय. युद्धास तोंड फुटण्यास तेव्हा तीन आठवड्यांचा अवधी होता. नव्या राज्याची कोनशिला कोणती, याचे उत्तर त्यांनी तेथे निःसंदिग्ध शब्दांत दिले: कृष्णवर्णीय मनुष्य गोऱ्या मनुष्याच्या बरोबरीचा नाही व दास्य हीच त्याची स्वाभाविक स्थिती होय, या तत्त्वावर ते राज्य उभे आहे. फुटीचे तात्कालिक कारणही हाच प्रश्न असल्याचे त्यांनी सांगितले. जित झाल्यावर १८६५ साली बोस्टनच्या बंदरातील तुरुंगात लिहिलेल्या रोजनिशीत त्यांनी वार्ताहराच्या टिपणांस सदोष ठरविले. मात्र ती टिपणे आपण स्वतः घाईने दुरुस्त केली होती, अशी कबुलीही त्याच ठिकाणी आहे. इतक्या मोठ्या सिद्धान्तावर घाईचे पांघरूण पुरत नाही.

दुसरी साक्ष म्हणजे १८६८ व १८७० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ. त्यात गुलामगिरी हे केवळ निमित्त ठरते. खरा लढा राज्यांचा स्वेच्छेने बनलेला संघ आणि सर्वसत्ताधारी केंद्र या दोन तत्त्वांमधील होता, असे प्रतिपादन आहे. ग्रंथाची रचना संवादरूप आहे. लेखकाच्या घरी भिन्न मतांचे पाहुणे जमतात, शंका विचारतात आणि यजमान त्यांचे निरसन करतात. पाहुणे कल्पित असल्यामुळे त्यांच्या शंका यजमानास पेलतील एवढ्याच असतात. घटनाशास्त्राच्या दृष्टीने ग्रंथ सामान्य नाही; जुन्या करारांचा व ठरावांचा त्यातील व्यासंग प्रामाणिक आहे. परंतु त्या बैठकीत एका मनुष्यास प्रवेश नाही. यजमानाच्या मालकीचे १८६० साली तीसहून अधिक गुलाम होते. त्यांपैकी एकासही प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली असती, तर ग्रंथाचा युक्तिवाद पहिल्याच खंडात अडला असता.

हा युक्तिवाद समकालीन कागदपत्रांशी ताडून पाहता टिकत नाही. डिसेंबर १८६० मध्ये दक्षिण कॅरोलिनाने आपल्या फुटीची जी कारणे जाहीर केली, त्यांतील मुख्य तक्रार अशी की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत व त्यासंबंधीच्या कायद्यास आडकाठी करतात. म्हणजे १८५० चा केंद्रीय कायदा राज्यांवर पुरेशा सक्तीने लादला जात नाही, हे गाऱ्हाणे होते! घटक राज्यांच्या अधिकाराचा हा अभिमान फार चमत्कारिक म्हटला पाहिजे. पुढे दक्षिणी संघराज्याच्या घटनेने गुलामांवरील मालकीहक्कास बाध आणणारा कायदा करण्याचीच बंदी केली. आयातकराचे कारण तर स्टीफन्स यांनीच आधी निकालात काढले होते. नोव्हेंबर १८६० मध्ये फुटीस विरोध करताना, प्रचलित कर मॅसॅच्युसेट्स व दक्षिण कॅरोलिना या दोघांच्याही मतांनी मंजूर झाला आहे, याची आठवण त्यांनी जॉर्जियाच्या विधिमंडळास करून दिली होती. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख भरली. एवढ्या मनुष्यरूपी मालमत्तेपुढे आयातकराचा वाद क्षुल्लक होता.

ग्रंथात ज्याला प्रवेश नाही, त्या मनुष्याला इतिहासात आणण्याचे श्रेय डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना दिले पाहिजे. १९३५ साली त्यांनी दाखविले की मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे गेलेले गुलाम हे युद्धाचे केवळ विषय नव्हते. त्यांचे हे निघून जाणे हा एक सार्वत्रिक संपच होता. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. या संदर्भात जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'ची १८७३ मधील अर्पणपत्रिका लक्षणीय ठरते. युद्ध कशासाठी झाले, हे पुण्यात बसून त्यांनी अचूक ओळखले. परंतु तीत गौरव आहे तो अमेरिकेतील सदाचारी लोकांच्या निःस्वार्थ त्यागाचा. गुलामांच्या स्वतःच्या कर्तृत्वाची दखल अर्पणपत्रिकेत नाही. तो दोष दृष्टीचा नसून तेव्हा उपलब्ध असलेल्या वृत्तान्ताचा असावा.

कारणांचा हा वाद निव्वळ पांडित्याचा नव्हता. युद्ध गुलामगिरीसाठी झाले असे मानले, तर मुक्त झालेल्यांना नागरिकत्व व मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्त्या हे त्याचे स्वाभाविक फलित ठरते. ते घटनात्मक मतभेदातून झाले असे मानले, तर त्याच दुरुस्त्या जेत्याचा जुलूम ठरतात. दुसरे मत शतकाच्या अखेरीस विद्यापीठांतही प्रतिष्ठित झाले. स्वतः स्टीफन्स १८७३ साली काँग्रेसमध्ये परतले आणि जानेवारी १८७४ मध्ये समान नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध, पुन्हा राज्यांच्या अधिकाराचाच आधार घेऊन बोलले. त्यांना ६ जानेवारी रोजी उत्तर दिले ते दक्षिण कॅरोलिनाचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी रॉबर्ट एलियट यांनी. कल्पित पाहुण्यांनी न विचारलेला प्रश्न या खऱ्या प्रतिपक्ष्याने सभागृहात विचारला. सव्हानाच्या त्या कोनशिलेची आठवण त्यांनी स्टीफन्स यांना समोरासमोर करून दिली. विधेयक १८७५ साली मंजूर झाले. १८७७ मध्ये दक्षिणेतील शेवटच्या पुनर्रचनावादी सरकारांचा लष्करी आधार काढून घेण्यात आला. मार्च १८८३ मध्ये स्टीफन्स वारले, तेव्हा ते जॉर्जियाचे गव्हर्नर होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने १८७५ च्या कायद्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली.