नवरदेवातला देव

'नवरदेव' हा शब्द एकदा नीट वाचा, दोस्तहो. देव सोडले म्हणून 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आणि आपण लग्नाच्या पोराला अजून देवच म्हणतो. शब्द फुकट चिकटत नाहीत. त्यांच्या विधीत वर म्हणजे विष्णू. म्हणून सीमांतपूजनात पोरीचा बाप त्याचे पाय धुतो. घोडा, डोली, बग्गी ही त्याच देवाची वाहनं.

आता हे वाहन आपल्याला कसं मिळालं बघा. 9 मे 1980 ला अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावी दलित नवऱ्यानं देवळापुढे डोलीतून उतरावं म्हणून सवर्ण आडवे आले. 14 माणसं मारली. 2018 साली उत्तर प्रदेशात कासगंजजवळच्या निजामपुरात ठाकुरांच्या गल्लीतून वरात न्यायला एका जाटव पोराला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. 15 जुलैला वरात निघाली, पोलिसांच्या गराड्यात, बग्गीतून. या रस्त्यासाठी लढायचंच. रस्ता सगळ्यांचा, घोडा भाड्याचा, उतर म्हणणारा तू कोण?

पण आपल्या कविता इथंच थांबतात. घोडा, तलवार, निळा फेटा, वा! वरात मांडवाला लागते तेव्हा कवी जेवायला बसलेला असतो. तिथं पुढं काय होतं ते कुणी लिहीत नाही. तिथं पोरीचा बाप हात जोडून उभा. पोशाख, मानाचे फेटे, विहीणबाईचा रुसवा. आत त्रिसरण-पंचशील, बाहेर हे. आमच्या सूतगिरणीत माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस दोन वर्षं डबल पाळ्या ओढतोय, पोरगी उजवायची म्हणून. विचारलं तर म्हणतो, "वरातीचा मान राखाया नको का?" ठाकुरानं मागितला असता तर ह्यानंच त्याला आडवा घेतला असता. व्याह्याला मात्र देतो, वर हसून देतो.

जोतीरावांनी 1873 पासून सत्यशोधक लग्नांतून भटाला रजा दिली, ते आपण भाषणात सांगतो. त्यांनी मंगलाष्टकं नवी लिहिली, त्यात वधू स्वतः तोंड उघडून वराकडे बायांचे हक्क मागते, ते सांगत नाही. सोयीचं तेवढं घेतलं.

वरातीच्या कविता या अंकाकडं पुष्कळ येतात. पुढच्या वेळी पाठवणाऱ्यांनी घोड्यावरून जरा खाली बघून लिहावं, पाण्याचा तांब्या धरून कोण उभा आहे ते.