संक्षेप कोणासाठी? : ऑनलाइन संवादातील लघुरूपांची चिकित्सा (शीळफाटा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मुंब्रा-पनवेल रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता जेथे एकत्र येतात व महापेमार्गे नवी मुंबईकडे जाणारी वाट जेथून फुटते, ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. शीळ, डायघर, खिडकाळी, काटई ही जुनी गावे आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी उभी राहिलेली गृहसंकुले यांचे दैनंदिन जीवन या फाट्याशी बांधलेले आहे. कामावर निघण्यापूर्वी येथील माणूस भ्रमणध्वनीवरील गटात डोकावतो, कारण रस्ता मोकळा आहे की तुंबला आहे हे त्याला तेथेच कळते. तेथे त्याला पुढील धर्तीचा मजकूर भेटतो : 'एमएमआरडीएचे काम चालू. एमएसआरडीसीला कळवले. टीएमसी म्हणते हद्द आमची नाही. केडीएमसीला टॅग करा. एएसएपी.' हा नमुना प्रस्तुत लेखासाठी रचलेला असला, तरी त्यातील लघुरूपे या परिसरात रोजच्या वापरातील आहेत.

अशा मजकुराविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. लघुरूपांमुळे भाषा बिघडते, हे पहिले मत. लघुरूपे ही गतिमान जीवनाची गरज आहे, हे दुसरे. दोन्ही मतांत एक प्रश्न सुटून जातो. हा संक्षेप उलगडण्याची किल्ली कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही? प्रस्तुत लेखात लघुरूपाची योग्यायोग्यता या एका कसोटीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी पत्रव्यवहारातील संक्षेप

लघुरूप ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. इंग्रजीतील 'ओ. एम. जी.' हे आज तरुणांचे मानले जाणारे लघुरूप अॅडमिरल फिशर यांनी १९१७ साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. मराठीची परंपरा तर याहून पुष्कळ जुनी आहे. मोडी कागदपत्रांत मौजे, कसबे, परगणे, राजश्री यांसारखे वारंवार येणारे शब्द आद्याक्षरांनीच लिहिले जात. पुढे पोस्टकार्डाच्या काळात 'सा. न. वि. वि.', 'शि. सा. न.', 'अ. उ. आ.', 'ता. क.' ही रूपे घरोघरी पोहोचली. शाळेतील पत्रलेखनाच्या धड्यामुळे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हा त्यांपैकी एकाचा विस्तार मुलांनाही पाठ असे.

या परंपरेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, या लघुरूपांत नाते सामावलेले होते. 'ती.' वाचताच पत्र वडीलधाऱ्यांस आहे हे कळे, 'चि.' वाचताच लहानांस. 'शि. सा. न.' लिहिणारा वाकून लिहीत असे आणि 'अ. उ. आ.' लिहिणारा हात उंचावून. शब्द आखडला तरी लिहिणारा व वाचणारा यांच्यातील नाते आखडत नसे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पत्रलेखक मायना आखडत असे, मजकूर आखडत नसे. पोस्टकार्डावरील जागा थोडी म्हणून उपचाराचे शब्द आद्याक्षरांत बसवायचे आणि वाचलेल्या जागेत मुलीच्या सासरची हकिकत, पावसाचे मान, आजारपण हे सारे सविस्तर लिहायचे, असा हा व्यवहार होता.

आजच्या गटसंदेशात हा क्रम नेमका उलटला आहे. मायना बहुधा गळालेलाच असतो आणि संक्षेप थेट मजकुरात शिरतो. कोण काम करीत आहे, कोणाला कळवले, केव्हापर्यंत करायचे, हे जे समजायला हवे तेच आद्याक्षरांत जाते.

मर्यादा सरली, सवय उरली

या सवयीचे तांत्रिक कारण समजून घेणे न्याय्य ठरेल. लघुसंदेशाच्या पद्धतीत रोमन लिपीतील १६० चिन्हे एका संदेशात मावत. तोच संदेश देवनागरीत लिहिल्यास मर्यादा ७० चिन्हांवर येई. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची स्वतंत्र चिन्हे म्हणून गणना होई. 'श्रद्धांजली' हा चार अक्षरांचा शब्द या हिशेबाने अकरा चिन्हांचा होतो. मराठी माणसाने रोमन लिपी पत्करली आणि तीतही शब्द कापले, यात भाषाद्रोहापेक्षा काटकसर अधिक होती. डेव्हिड क्रिस्टल या भाषावैज्ञानिकाने २००८ साली या विषयावर ग्रंथ लिहून लघुसंदेशांमुळे भाषेचा ऱ्हास होतो ही भीती अनाठायी असल्याचे प्रतिपादन केले, तेही याच काळात.

परंतु ती मर्यादा आता उरलेली नाही. शब्दागणिक पैसे मोजावयास लावणारी तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजच्या संदेशसेवांत सामान्य संभाषणाला जाणवेल अशी अक्षरमर्यादा नाही आणि देवनागरी कळफलक दोन अक्षरे टंकताच पूर्ण शब्द सुचवितो. जेथे 'शु' लिहिताच 'शुभेच्छा' समोर येते, तेथे 'एचबीडी' लिहिण्यात श्रम वाचतात असे म्हणता येत नाही. म्हणजेच काटकसरीचे कारण संपले असून प्रघात शिल्लक आहे.

अक्षरांचा हिशेब

शीळफाट्यावरील लघुरूपे देवनागरीत लिहून अक्षरे मोजली असता एक विसंगती उघड होते. 'एमएसआरडीसी' ही आठ अक्षरे आहेत. 'रस्ते महामंडळ' ही सात. 'एमएमआरडीए' आठ अक्षरांचे, तर 'प्राधिकरण' पाच अक्षरांचे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शीळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्याचा ज्या प्रकल्पात समावेश आहे, तो राबविणाऱ्या 'एनएचएसआरसीएल'ची अक्षरे अकरा भरतात. 'बुलेट ट्रेन'ची पाच. 'एएसएपी' पाच अक्षरांचे आणि 'लगेच' तीन अक्षरांचे. रोमन लिपीत जो संक्षेप आहे तो मराठीच्या लिपीत व उच्चारात विस्तार ठरतो. लघुरूप लघु राहत नाही. केवळ अपारदर्शक राहते.

याचे कारण लिपीच्या रचनेत आहे. देवनागरीतील अक्षर स्वरासह येते, म्हणून आद्याक्षरे जोडली की उच्चारता येणारा शब्द तयार होतो. गदिमा, वपु, मसाप, अंनिस ही रूपे याच गुणामुळे नामे बनली. रोमन आद्याक्षरांना मात्र, 'सिडको' किंवा 'म्हाडा' यांसारखे अपवाद वगळता, एकेका अक्षराचे नाव घेत जावे लागते.

येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहणे आवश्यक आहे. लघुरूप मराठी असले की झाले, असे नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'ठामपा' व 'कडोंमपा' ही रूपे नियमितपणे येतात. ती आटोपशीरही आहेत. तरीही डोंबिवलीच्या फलाटावर दोन प्रवासी बोलताना 'कडोंमपा' क्वचितच ऐकू येते. ते मथळ्याची गरज भागविते, जिभेची नाही. उलट 'एसटी' हे इंग्रजी आद्याक्षरांचे रूप खेड्यातील आजीच्याही तोंडी आहे. तेव्हा उगमावरून निवाडा करता येत नाही. बोलणाऱ्यांनी जे आपलेसे केले ते मराठीचे झाले.

आपलेसे होण्याचे याहून चांगले मार्गही आहेत. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वीज वितरणासाठी जी कंपनी निघाली, तिचे इंग्रजी लघुरूप देवनागरीत नऊ अक्षरांचे होते; लोकांनी 'महावितरण' हे सहा अक्षरांचे नाव स्वीकारले, कारण काम काय ते नावातच कळते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा 'सातबारा' झाला. शीळ-काटई पट्ट्यात जमिनीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या शेतकऱ्याला या शब्दाचा विस्तार सांगावा लागत नाही.

संदिग्धता आणि उत्तरदायित्व

लघुरूपाचा खरा दोष संदिग्धतेत दिसतो. 'टीएमसीचे पाणी' या शब्दांचा अर्थ काय घ्यावा? धरणाच्या बातमीत टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, ठाण्यात टीएमसी म्हणजे महानगरपालिका, निवडणुकीच्या बातमीत तो बंगालमधील पक्ष. 'एसटीचे आरक्षण' म्हणजे गाडीतील आसन की अनुसूचित जमातींच्या राखीव जागा, हे ठाणे जिल्ह्यासारख्या आदिवासी वस्ती असलेल्या प्रदेशात संदर्भावाचून ठरत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात चेहरा, प्रसंग आणि स्वर अर्थ निश्चित करतात. गटावरील एका ओळीला तो आधार नसतो.

शीळफाट्यावर हा प्रश्न भाषेपुरता राहत नाही. कल्याण-शीळ रस्त्याचे रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. त्याच मार्गावर कल्याण-तळोजा ही मेट्रो १२ मार्गिका मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. रस्त्यालगतच्या मोठ्या जलवाहिन्या औद्योगिक विकास महामंडळाच्या. हद्द काही अंतर ठाणे महानगरपालिकेची, पुढे कल्याण-डोंबिवलीची, आणि महापेच्या बाजूस नवी मुंबईची. खड्डा एक असतो आणि त्याच्याशी संबंध असलेली आद्याक्षरे अनेक. ज्याला ती आद्याक्षरे उलगडता येतात, त्याला कोठे दाद मागायची हे ठाऊक होते. ज्याला येत नाहीत, तो संदेश वाचूनही अडाणीच राहतो आणि 'सगळे सारखेच' असे म्हणून गप्प बसतो. 'काम रस्ते महामंडळाचे आहे' एवढे लिहिले असते तर निदान कोणत्या दारी जायचे हे त्याला समजले असते. कार्यालयांनी आपसांत आद्याक्षरे वापरावीत. त्यांत गैर काही नाही. तीच भाषा नागरिकांच्या संभाषणात आली की माहिती पोहोचल्याचा आभास तेवढा निर्माण होतो.

शोकसंदेशाचे उदाहरण

दुसरे क्षेत्र भावनेचे आहे. गटात कोणाच्या निधनाची वार्ता येते आणि खाली 'आरआयपी' किंवा 'भा. पू. श्र.' यांची रांग लागते. दुसरे रूप मराठी आहे म्हणून ते अधिक शोभते, असे म्हणवत नाही; भाव 'पूर्ण' असल्याची ग्वाही अपूर्ण शब्दाने द्यावी, ही विसंगती त्यात उघडच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. 'सा. न. वि. वि.' चालत होते, तर 'भा. पू. श्र.' का चालू नये? दोन्ही उपचारच आहेत. आक्षेप विचारार्ह आहे. उत्तर असे की, 'सा. न. वि. वि.' हा पत्राचा उंबरठा होता. तो ओलांडून लेखक आत येई व काही सांगे. 'भा. पू. श्र.' मागे काहीच येत नाही. तोच उंबरठा आणि तेच घर. ज्याच्या घरी दुःख आहे, त्याला पुढे कधी हे संदेश वाचताना तीन अक्षरे दिसतात. माणूस दिसत नाही. त्याऐवजी 'काकांनी मला सायकल शिकवली होती' एवढे एक वाक्य लिहिणारा शेजारी त्या कुटुंबाच्या स्मरणात राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून लघुरूपांना दैनंदिन ऑनलाइन संवादात सरसकट बंदी असावी असा निष्कर्ष निघत नाही. मित्र-मैत्रिणींच्या गप्पांत, एका व्यवसायातील सहकाऱ्यांत, जेथे किल्ली सर्वांच्या खिशात आहे तेथे लघुरूप जवळीकही वाढविते. मात्र जेथे वाचणारे भिन्न वयांचे, भिन्न शिक्षणाचे आणि एकमेकांस अपरिचित आहेत, तेथे संस्थेचे नाव कळेल असे लिहावे. जेथे कोणाला काही करावयाचे आहे, तेथे सूचना पूर्ण वाक्यात द्यावी. आणि जेथे दुःख आहे, तेथे शब्द वाचवू नयेत. जुन्या पत्रलेखकाचा नियम आजही पुरेसा आहे : आखडायचे तर उपचार आखडावा, मजकूर आखडू नये.

गटात कोणी 'म्हणजे काय?' असे विचारले, तर तो प्रश्न अज्ञानाचा न मानता लघुरूप अस्थानी आल्याचा पुरावा मानावा. मात्र या पुराव्याची वाट पाहत बसणे योग्य नाही, कारण ज्यांना कळत नाही त्यांतील बहुतेक जण विचारत नाहीत. ते वाचतात, पुढे सरकतात आणि कोंडीत जाऊन उभे राहतात.