मिरीचा जन्मदाखला

व्यापार कराराची चर्चा आपल्याकडे आयातशुल्काच्या आकड्यांवरच थांबते. करारातला खरा अवघड शब्द आहे ‘मूळ’. माल कुठला, हे ठरवायचं कसं?

आपल्या वाशीच्या मसाला मार्केटमधली काळी मिरी घ्या. तिच्यावर सर्वसाधारण आयातशुल्क ७० टक्के. पण मार्च २००० पासून भारत-श्रीलंका करार लागू आहे, आणि त्यात ठरावीक कोट्यापर्यंत श्रीलंकेची मिरी बिनशुल्क येते. झालं! व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे ‘श्रीलंकन’ होऊन येते, अशी तक्रार केरळ-कर्नाटकातले उत्पादक करू लागले. आपल्या कोकणात सुपारीवर मिरवेल चढवणाऱ्यालाही भाव त्याच बाजाराचा. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किलोला ५०० रुपये किमान आयातदर लावला. म्हणजे करार तसाच, दाराला कुलूप वेगळं.

न्यायदर्शन शब्दप्रमाण मानतं, पण सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असेल तरच. मूळ देशाचं प्रमाणपत्र हे शब्दप्रमाणच की! सप्टेंबर २०२० पासूनचे सीमाशुल्क नियम म्हणतात, नुसता कागद पुरे नाही. मालाच्या मुळाची माहिती आयातदाराजवळ हवी. शंका रास्त आहे. माझा आक्षेप आहे तो तिचं ओझं कुणावर टाकलं, याला. करार दोन सरकारांचा, प्रमाणपत्र तिकडच्या यंत्रणेचं, आणि जाब द्यायचा वाशीतल्या गाळेवाल्याने? मोठी कंपनी कोलंबोला माणूस पाठवील. हा फार तर फोन करील, आणि पुढच्या खेपेला म्हणेल, नको ती सवलत.